बिडाचे पारखी

जुना बेंच व्हाइस शोधायला निघालेला माणूस नवा शर्ट घालत नाही. त्यासाठी कपाटाच्या तळाशी एक शर्ट राखून ठेवलेला असतो: कॉलर विरलेली, खिशावर शाईचा डाग. तो अंगात चढला की घरातल्यांना कळतं, आज बुधवार नाहीतर रविवार. पुण्याचा जुना बाजार या दोनच दिवशी भरतो. बरोबर कापडी पिशव्या दोन, पण एकीत दुसरी कोंबलेली, म्हणजे जाताना एकच दिसते. पँटच्या खिशात लोहचुंबकाचा तुकडा, जुन्या स्पीकरमधून काढलेला. चष्मा वरच्या खिशात, कारण तो डोळ्यांवर असला की दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक बारकाईनं बघायला आलंय. पाकीट घरीच राहतं. नोटा तीन खिशांत अशा बेतानं विभागलेल्या, की "एवढेच आहेत बघा" हे वाक्य कुठल्याही टप्प्यावर म्हणता यावं आणि त्या त्या खिशापुरतं ते खरंही असावं.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ज्यांनी उमेदीची वर्षं टूलरूममध्ये काढली, त्या पिढीत अशी माणसं बरीच सापडतात. त्यांना काका म्हणू. बाजारही काकाच म्हणतो. काकांचं शिक्षण आयटीआयमधलं, ट्रेड फिटर. तिथे सुरुवातीला कित्येक आठवडे एकच काम असे. व्हाइसच्या जबड्यात लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि कानशीनं घासून त्याची बाजू सपाट करायची. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हाताला फोड यायचे, ते फुटायचे, त्यांचे घट्टे व्हायचे, आणि निदेशक मागून "उजेड दिसतोय" एवढंच म्हणून पुढे जायचे. पुढे कारखान्यात सीएनसी आल्या, कानशी कपाटात गेल्या, काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. फटीतून उजेड बघायची सवय तेवढी राहिली. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही काका मुलाकडे बघायचं सोडून त्यांच्या दाराची चौकट काटकोनात आहे का ते बघत होते, असं काकू सांगतात. चौकट काटकोनात होती. लग्न झालं.

या जातीची एक नवी शाखा हल्ली हिंजवडीकडे वाढली आहे. वय तिशीच्या आसपास, दिवसभर संगणकासमोर, रात्री मोबाइलवर कुणीतरी परदेशात गंजलेला व्हाइस घासूनपुसून चकाचक करतानाचे व्हिडिओ. या तरुणाला सगळी नावं पाठ असतात, मॉडेलचे नंबर पाठ असतात. कानस हातात दिली तर ती कोणत्या दिशेनं कापते हे मात्र विचारावं लागतं. काका त्याला मनातून फारसं मोजत नाहीत. तरी ऑनलाइन जाहिराती शोधायला तोच लागतो. जाहिरातीत व्हाइसला कुणी "लोखंडी मशीन" लिहितं, कुणी "जुना पान्हा मोठा", आणि अशा चुकीच्या नावाखालीच स्वस्तातला माल दडलेला असतो. ज्या विकणाऱ्याला वस्तूचं नाव माहीत नाही त्याला तिची किंमतही माहीत नसते, हा दोन्ही शाखांचा समान सिद्धांत. या एका मुद्द्यावर दोन पिढ्यांची युती टिकून आहे.

"नवा का नाही घेत?" असं काकांना कुणी विचारू नये. विचारलंच, तर ते हाताला धरून हार्डवेअरच्या दुकानात नेतात. तिथला सर्वात स्वस्त नवा व्हाइस उचलायला लावतात. तो सहज उचलला जातो, आणि इथेच तो काकांच्या परीक्षेत नापास झालेला असतो. मग ते रंगाचा जाड थर दाखवतात. त्याखाली ओतकामातली बारीक भोकं लपलेली असतात. जबड्यांवरच्या पट्ट्या कडक केलेल्या नसल्या की कानशीचं टोकही त्यांच्यावर ओरखडा काढतं. काका हा ओरखडा दुकानदारासमोर काढून दाखवतात, त्यामुळे त्यांना दुकानं दर वेळी बदलावी लागतात.

न्यायानं सांगायचं तर जालंधर-लुधियानाकडे हत्यारांचा मोठा उद्योग आहे, तिथून चांगले व्हाइस देशभर जातात आणि परदेशातही जातात. काकांनी नोकरीतली सगळी वर्षं अशाच देशी व्हाइसवर काढली आणि तो कधी तुटला नाही. हे ते मान्य करतात, पण हळू आवाजात.

मोठ्या आवाजात ते शेफिल्डबद्दल बोलतात. तिथल्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचं 'रेकॉर्ड' हे नाव १९०९ सालचं. त्याच यॉर्कशायरमधल्या शिप्ली गावचा पार्किन्सन. यांच्या काही व्हाइसना एक छोटी कळ असते. ती दाबली की आतला अर्धा नट आट्यांवरून सुटतो आणि जबडा हवा तेवढा झटकन मागेपुढे ओढता येतो. गरगर दांडी फिरवत बसायला नको. ही कळ चालू स्थितीत सापडणं म्हणजे काकांच्या लेखी पर्वणी. कळ दाबून जबडा सर्रकन पुढे आला, की त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते लपवण्यासाठी त्यांना तातडीनं शिंकावं लागतं.

अमेरिकेतला धाकटा मुलगा मधूनमधून विल्टनचे फोटो पाठवून वडिलांचं रक्त खवळवतो. ही कंपनी १९४१ मध्ये शिकागोत एका चेक स्थलांतरितानं काढली आणि ज्या रस्त्यावर कारखाना होता त्याचंच नाव तिला दिलं. तिच्या व्हाइसचं अंग बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, आटे पूर्ण आत झाकलेले, म्हणजे कीस आत जायला वावच नाही. जुन्या नगांवर खालच्या बाजूला हमी संपण्याची तारीख ठोकलेली असते, पाच वर्षांची. म्हणून आज कुणाच्या तरी गॅरेजमध्ये असा व्हाइस ठणठणीत कामावर असतो, ज्याची हमी पंडित नेहरू पंतप्रधान असतानाच संपली. "येताना एक आण," असं काकांनी मुलाला सांगून झालंय. विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालतात आणि विल्टनचा भरभक्कम नग ती सगळी मर्यादा एकटाच खातो. बॅगेत आईसाठी काही आणायचं की वडिलांसाठी, हा प्रश्न मुलाला दर दिवाळीला पडतो आणि दर दिवाळीला आई जिंकते.

इंग्लंडचं लोखंड पुण्यामुंबईच्या भंगारात आलं कसं, याबद्दल काकांजवळ पुष्कळ माहिती आहे, आणि त्यातली बरीच खरी आहे. मुंबईच्या गिरण्यांचे माग आणि चात्यांची यंत्रं लँकेशायरहून येत. यंत्रं बिघडत, म्हणून गिरणीगणिक दुरुस्तीचा विभाग असे, आणि त्या विभागात बाकांवर ओळीनं व्हाइस. माटुंग्याचं रेल्वे वर्कशॉप १९१५ चं, खडकीचा दारूगोळा कारखाना त्याहून जुना, १८६९ चा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, आणि यंत्रांबरोबर बाकंही वजनावर गेली. दारूखान्याच्या गोदामांतून, चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवरून ती कुठल्या कुठे पांगली. त्या दिवसांत मुंबईला जायला हवं होतं, असं काका अजून म्हणतात. त्यांचे सख्खे मामा परळच्या एका गिरणीत होते आणि संपात देशोधडीला लागले. मामांचा विषय निघाला की काका व्हाइसबद्दल बोलायचं थांबवतात.

गेल्या काही दशकांत एक नवा झरा सुरू झाला, अलंगचा. गुजरातच्या या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं फोडतात आणि जहाजाच्या इंजिनरूममधलं सगळं सामान, खुर्चीपासून व्हाइसपर्यंत, रस्त्याकडेच्या दुकानांत मांडलं जातं. समुद्राच्या दमट हवेत राहूनही तो माल पुष्कळदा चांगला निघतो, कारण जहाजावर तेल मुबलक आणि काम करणारी माणसं शिस्तीची. काका सोमनाथच्या यात्रेला गेले तेव्हा वाटेत अलंगला थांबायचा त्यांचा आग्रह होता. यात्रा कंपनीच्या मॅनेजरनं नकार दिला. काका पुढे मंदिरात जरा घुश्शातच होते.

आता बाजार. वाकून वस्तू उचलणं हा नवशिक्याचा मार्ग. काका आधी तिच्यावरून दोनदा जातात. तिसऱ्या खेपेला थांबतात ते शेजारच्या तुटक्या ड्रिलपाशी. ड्रिल उचलतात, भाव विचारतात, महाग आहे म्हणतात. मग एक पान्हा. मग एक बिनझाकणाचा कुकर. शेवटी पायानं व्हाइसला किंचित ढोसून, "आणि हे काय पडलंय? मोडकं आहे का?"

दुकानदार विडी विझवतो. त्यानं काकांना पहिल्या फेरीलाच ओळखलेलं असतं. कुकरला हात लावणारा पुरुष या बाजारात संशयितच.

"मोडकं कशाला, काका? लंडनचं आहे."

इथून पुढची तपासणी बघण्याजोगी असते. काका खिशातून एक छोटा पान्हा काढतात आणि व्हाइसच्या अंगावर ठिकठिकाणी टिचकी मारत जातात, बाजारात नारळ वाजवून घ्यावा तसे. अखंड बिड किणकिणतं. कुठे तडा असेल तर तिथे आवाज बद्द होतो. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत विखुरलेला असतो. त्यामुळे बिड दाब पुष्कळ सोसतं, पण ताण किंवा फटका बसला की वाकण्याऐवजी सरळ तुटतं. तुटलेलं बिड जोडणं अवघड. साधा वेल्डिंगचा रॉड मारला तर जोडाशेजारी नवाच तडा जातो. म्हणून लोक पितळेची झाळ देतात, वरून लांबी भरतात आणि रंग फासतात. लांबीवर चुंबक चिकटत नाही. स्पीकरमधला तो तुकडा खिशातून निघतो तो याच वेळी, आणि सबंध अंगावरून फिरतो. एखाद्या जागी त्याची पकड सुटली, की काका काही न बोलता नखानं रंग खरवडतात. खाली पिवळी रेघ दिसली तर संभाषण तिथेच संपतं. "पितळेचा भाव वेगळा लावता का?" एवढं विचारून ते उठतात.

तडा नसला तर पुढचा प्रश्न दांडीचा. काका इथे थोडं गणित करतात, आणि ऐकणारा सापडला तर मोठ्यानं करतात. दांडीचा हात पंधरा सेंटीमीटरचा धरला तर तिच्या एका फेऱ्याचा घेर सुमारे चौऱ्याण्णव सेंटीमीटर, आणि तेवढ्यात जबडा सरकतो अर्धाच सेंटीमीटर. घर्षणात बराचसा जोर वाया गेला तरी हाताच्या वीस किलोंचा जबड्यात टनाच्या आसपास दाब होतो. एवढा पुरे. तरी कुठलातरी पठ्ठ्या दांडीत मीटरभर पाइप घालून त्याला लोंबकळतो. चांगल्या व्हाइसची दांडी जरा मऊ पोलादाची असते, म्हणजे अतिरेक झाला तर आधी ती वाकावी, बिड वाचावं. त्यामुळे वाकलेली दांडी दिसली की काका व्हाइस सोडून त्याच्या आधीच्या मालकाविषयी बोलू लागतात, आणि ते बोलणं इथे छापण्याजोगं नसतं.

मग दांडी उलटसुलट हलवून बघायची. जबडा हलण्याआधी ती किती मोकळी फिरते यावरून आतल्या नटाचे आटे किती झिजले ते कळतं. थोडं ढिलं असणं स्वाभाविक आहे. पाव फेरा फुकट जात असेल तर नट गेला. जुन्या कंपनीचा नट नव्यानं बनवून घ्यायचा तर आत चौकोनी आटे पाडणारा लेथवाला शोधायचा आणि त्याची मनधरणी करायची. दुकानदारांनाही हे ठाऊक असतं. म्हणून आटे गेलेल्या व्हाइसची दांडी नेमकी त्या दिवशी घरी राहिलेली असते. "दांडी आहे, पुढच्या रविवारी देतो." दांडीविना दिसणारा व्हाइस काका हातही न लावता सोडून देतात.

शेवटी जबडे मिटवून पलीकडे आभाळ धरायचं. पुन्हा तीच फट, तोच उजेड. नेहमी एकाच कडेला काम धरलं गेलं असेल तर जबडे त्या बाजूला झिजून तिरके मिटतात. पट्ट्या झिजल्या तर बदलता येतात, पण मुळात सरकता दांडाच खोबणीत डुगडुगत असेल तर त्याला औषध नाही. मागच्या सपाट भागावर हातोड्यांचे खड्डे असतील तर त्याचा ऐरण म्हणून छळ झालेला असतो. जबड्याच्या डोक्यावर करवतीचे काप, बैठकीला ड्रिलची अर्धवट भोकं, हे सगळं काका बोट फिरवत मोजतात. या गोष्टींनी भाव पडतो, काम अडत नाही.

आणि एक गोष्ट ते गुपचूप बघतात, बैठकीचे बोल्ट. गंजलेले, पान्ह्यानं सोडवलेले असतील तर ठीक. ताज्या करवतीनं कापलेले, कडा अजून चकचकीत असतील, तर तो व्हाइस कुठल्यातरी शेडमधून रात्रीतून उचललेला आहे. तो कितीही शेफिल्डचा असो, काका तिथून निघतात. लिलावात घेतलेल्या मालाचा कागद मागायची त्यांची सवय बाजारात चेष्टेचा विषय झाली आहे.

राहता राहिला नावाचा प्रश्न. बाजारात निळा रंग दिलेला प्रत्येक व्हाइस 'रेकॉर्ड' असतो, कारण मूळ कंपनी निळा रंग देत असे आणि निळा रंग कुठेही मिळतो. काका रंगाकडे बघत नाहीत. अक्षरं ओतकामातच उठून आलेली हवीत, बोटाला लागायला हवीत. ती थोडी पुसट असली तर उत्तम, कारण दुकानदाराला वाचता येत नाहीत. आणि अंगाला कानस लावून बघायची: काळसर भुकटी पडली तर बिड, चमकदार बारीक कीस निघाला तर पोलाद. पोलादी निघाला तर मात्र काकांना पुन्हा शिंक येते.

भावाच्या घासाघिशीत दोन वेगवेगळी शास्त्रं समोरासमोर येतात. काका किलोनं बोलतात. भंगार लोखंडाचा भाव किलोला तीस-पस्तीस, पाच इंची नग वीस किलोंचा, म्हणजे झाले सहाशे-सातशे; वर शंभर तुमच्या मेहनतीचे. दुकानदार काळानं बोलतो. इंग्रज गेले, हे राहिलं. असं लोखंड आता ओतत नाहीत. परवाच एक साहेब गाडीतून आले होते, तीन हजार देत होते, मीच नाही म्हटलं. हे गाडीतले साहेब जुन्या बाजारातल्या प्रत्येक दुकानावर परवाच येऊन गेलेले असतात आणि त्यांना प्रत्येकानं नाही म्हटलेलं असतं. काका उठतात, दहा पावलं जातात. हाक येत नाही. काका चपलेचा अंगठा नीट करतात. तरी हाक येत नाही. मग ते शेजारच्या दुकानात जुन्या कुलपांची चौकशी करतात आणि तिथल्या कुलूपवाल्यालाच सांगतात, "त्याला सांगा, नऊशे." कुलूपवाला व्यवहार जुळवून देतो आणि काकांच्या गळ्यात एक कुलूपही मारतो. त्याची किल्ली कधीच सापडत नाही.

घरी न्यायचं तर व्हाइस दिसता कामा नये. दांडी उलटी फिरवत राहिलं की पुढचा जबडा स्पिंडलसकट सुटून बाहेर येतो, आणि एकाचे दोन होतात. दुसरी पिशवी यासाठी. एक भाग स्कूटरच्या पायाखाली, दुसरा डिकीत. सोसायटीत शिरताना पहिल्या खेपेला जड पिशवी घेऊन वर जायचं, काकूंना "बटाटे" म्हणून सांगायचं, आणि दुसरी खेप संध्याकाळी करायची. एवढे बटाटे कधी शिजले नाहीत हे काकूंच्या लक्षात यायला फार वेळ लागला नव्हता. त्या बोलत नाहीत. गच्चीवरच्या खोलीत एकूण किती जबडे आहेत याचा हिशेब त्यांच्याजवळ काकांपेक्षा पक्का आहे.

मग गंज. यातही पंथ आहेत. व्हिनेगरवाले आहेत, लिंबूसत्ववाले आहेत. काका मूळचे कोल्हापूरकडचे, त्यामुळे त्यांचा विश्वास काकवीवर. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, त्यात गंजलेला भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा. गंज हळूहळू सुटतो आणि शाबूत लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. उपाय जगभर चालतो, फक्त आठवड्याभरात पिंप आंबतं आणि त्याला जो वास येतो त्याची पद्धतीत कुठे नोंद नसते. सोसायटीच्या सभेत "गच्चीवर दारूची भट्टी" असा विषय त्यामुळेच आला होता. काकांनी तिथे लोखंडाच्या ऑक्साइडवर छोटंसं भाषण केलं. ठराव तरीही मंजूर झाला.

तेव्हापासून ते विजेच्या पद्धतीकडे वळले. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक व्हाइसला, धन टोक लोखंडाच्या एखाद्या टाकाऊ पत्र्याला. बुडबुडे येतात, गंज सैल होतो, तो नुसत्या ब्रशनं निघतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावर करायचं. पत्रा स्टेनलेसचा मात्र वापरायचा नाही; त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि विषारी रूपात उतरतं. काकूंच्या माहेरची स्टीलची ताटं आजवर वाचली ती या एका रासायनिक कारणामुळे.

जबड्यांच्या पट्ट्या हरवलेल्या असतील तर भोसरीला एका मित्राच्या शेडमध्ये खेप होते. ओएचएनएस पोलादाचा तुकडा घ्यायचा, मापात आणायचा, भोकं पाडायची, वर आडवेतिडवे दाते काढायचे, मग हार्डनिंगला द्यायचा. मित्र पैसे घेत नाही. त्याला जेवायला न्यावं लागतं. तिथल्या मटणथाळीचा आकडा काकांच्या वहीत येत नाही, पेट्रोलही येत नाही, चार्जर तर "घरात होताच". वहीत लिहिलेलं असतं: व्हाइस ९००, सोडा ४०, रेडऑक्साइड ९०, ग्रीस घरचं. खाली रेघ, आणि रेघेखाली नव्या विलायती व्हाइसची आजची किंमत, तिच्यातून वजाबाकी केलेली. या वजाबाकीप्रमाणे काकांनी निवृत्तीनंतर जेवढी बचत केली आहे, तेवढी त्यांना नोकरीत कधीच जमली नव्हती.

व्हाइस बसवण्यात मात्र ते घाई करत नाहीत. जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला हवा, म्हणजे कानस आडवी सरळ जाते आणि कंबर धरत नाही. मागचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर हवा, नाहीतर लांब पाइप उभा धरता येत नाही. बोल्टाखाली वॉशर, टेबल भिंतीला जखडलेलं. हे सगळं झाल्यावर तो व्हाइस काय धरतो? कुकरची सैल झालेली मूठ. नातवाची बॅट, तिची मूठ बदलेपर्यंत. विळीचं पातं. सोसायटीतल्या कुणाच्याही दाराची अडणारी कडी. नाजूक कामासाठी काकांनी ॲल्युमिनियमच्या अँगलचे मऊ जबडे करून ठेवले आहेत, म्हणजे दात्यांचे वळ उठत नाहीत. काकूंच्या मोडलेल्या चष्म्याची दांडी त्या टनभर दाबाच्या जबड्यात इतक्या हलक्या हातानं धरली गेली, की काकूंनी त्या दिवशी गच्चीच्या खोलीविषयी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हे सगळं बघितलं आणि त्यांनाही एक व्हाइस हवासा वाटला. काका त्यांना बाजारात न्यायला तयार नव्हते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, शर्ट इस्त्रीचा, चेहऱ्यावर सगळं दिसतं. शेवटी भोसरीत एक बंद पडलेली शेड भंगारवाल्यानं उचलल्याची खबर आली, तेव्हा त्याच्या गोदामात नेलं. अट एकच: तोंड उघडायचं नाही. गृहस्थांनी मान डोलावली. गोदामात काका शिस्तीत आधी पत्र्यांचा ढीग बघत होते, मग एका जुन्या पंख्याची विचारपूस करत होते. व्हाइस कोपऱ्यात होता, सहा इंची, वरची ओतीव अक्षरं ग्रीसखाली निम्मी झाकलेली. गृहस्थांनी मोबाइलचा टॉर्च लावला, रुमालानं ती अक्षरं स्वच्छ पुसली आणि एखादी ठेवपावती वाचून दाखवावी इतक्या स्पष्ट उच्चारात म्हणाले, "काका, मेड इन इंग्लंड! हाच ना, तुम्ही वीस वर्षं शोधताय तो?"

भंगारवाल्यानं पंख्याचं बोलणं अर्धवट सोडलं. शांतपणे येऊन व्हाइसची दांडी काढून घेतली आणि गल्ल्याच्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. काका काहीही न बोलता स्कूटरकडे निघाले. मागून हाक आली, पण ती त्यांच्यासाठी नव्हती.

"साहेब, तुम्ही या ना! खुर्ची घ्या. चहा सांगतो."